पक्ष्यांचा संसार बघताय? या चुका टाळा

फेब्रुवारी सरता सरता नागपूरच्या आजूबाजूला वेड्या राघूंची (पोपट नव्हे, उडते किडे टिपणारे हे छोटे हिरवे पक्षी) घरट्यासाठी बिळं कोरायची लगबग सुरू होते. गोरेवाड्याकडच्या नाल्याची दरड असो, नाहीतर नव्या ले-आउटमध्ये टाकलेला मुरमाचा ढीग, अगदी हाताच्या उंचीवर बीळ सापडून जातं. हौशी निरीक्षकाला याहून चांगली संधी नाही. पक्ष्यांच्या कुटुंबाबद्दल आज जे कळलंय, त्यातला मोठा वाटा याच राघूंच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांचा आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीफन एमलेन यांनी केनियात नाकुरू सरोवराच्या परिसरात पांढऱ्या कपाळाच्या राघूंचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि त्यांच्या तीन-तीन पिढ्यांची नाती उलगडली. तसं काही आपल्यालाही दिसावं असं वाटणं साहजिक आहे. पण निरीक्षणात काही चुका हटकून होतात, आणि मग वही भरते पण हाती काही लागत नाही.

बिळासमोर ठाण मांडणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. राघू चोचीत चतुर धरून तारेवर येतो, शेपूट हलवतो, मान वळवून इकडे बघतो, पुन्हा उडून एक चक्कर मारतो आणि त्याच तारेवर येऊन बसतो. चतुर तसाच चोचीत. अर्धा तास गेला तरी तो बिळात शिरत नाही, आणि आपण वहीत लिहितो, 'पक्षी सुस्त आहे'. सुस्त कसला, तो आपल्यामुळे अडकलेला असतो.

पुण्यात जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच हिरव्या राघूंवर साधे, पण फार सुंदर प्रयोग केले. ते २००२ साली प्रसिद्ध झाले. माणूस जिथून बीळ बघू शकतो अशा जागी उभा असेल, तर पक्षी आत जायला कचरतो. तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा आडोशाला उभा असेल, तर पक्षी पुष्कळदा बिनधास्त आत जातो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज तो पक्षी घेतो! मला हे संशोधन आपल्या मातीतलं म्हणून जास्तच मोलाचं वाटतं.

उपाय यातच आहे. बीळ तुम्हाला दिसलंच पाहिजे हा हट्ट सोडा. दरडीच्या बाजूला असे बसा की पक्ष्याची बसायची तार दिसेल, पण भोक दिसणार नाही. घास घेऊन पक्षी कडेआड गेला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला, एवढं कळलं तरी नोंद पुरी होते. बीळ बघायचंच असेल तर बरंच लांब जा आणि दुर्बीण वापरा. त्यानंतरही पंधरा-वीस मिनिटांत पक्षी आत जात नसेल तर सरळ उठा. तुमच्या नोंदीपायी पिल्लांचा घास चुकता कामा नये. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणं आणि फोटोसाठी समोरच्या फांद्या तोडणं तर विणीच्या दिवसांत करूच नका.

तिसरा पक्षी दिसला की 'मदतनीस' लिहिणं

राघूंमध्ये जोडीखेरीज इतर पक्षीही पिल्लांना भरवतात हे खरं, आपल्याकडच्या राघूंमध्येही ते आढळलंय. पण तारेवर तीन पक्षी बसले म्हणजे तिसरा मदतनीस झाला असं नाही. आधी शेपूट बघा. मधली दोन लांब बारीक पिसं नसतील आणि गळ्यावरची काळी रेघ पुसट किंवा गायबच असेल, तर ते बहुधा यंदाचं पिल्लू, आणि ते भरवायला नाही, खायला आलंय. प्रौढ वाटला तर तो घास घेऊन येतो का, कडेआड जातो का, रिकाम्या चोचीने परततो का, हे पुन्हा पुन्हा बघा. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच 'मदतनीस' लिहा.

नर-मादी सारखेच दिसतात, तेव्हा 'बाबा', 'आई' लिहायचीही घाई नको. विणीच्या सुरुवातीला एक पक्षी दुसऱ्याला किडा देताना दिसला, तर देणारा बहुधा नर. झिजलेलं किंवा तुटलेलं शेपटीचं पीस ही ओळखीची चांगली खूण आहे, पण पिसं झडली की तीही जाते. एमलेन यांना नाती लावता आली, कारण त्यांनी एकेका पक्ष्यावर खुणा लावून वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या. आपण मात्र तसलं काही करायचं नाही. पक्षी पकडून पायात ओळखीची कडी घालायला परवानगी लागते आणि सरावलेला हातही लागतो.

आपल्या घरची गोष्ट त्यांच्यावर लादणं

मदतनीस म्हटलं की लगेच 'त्यागी भाऊ' डोळ्यांसमोर येतो. एमलेन यांना दिसलं ते याहून गुंतागुंतीचं होतं. मदतीला जाणारा पक्षी कुणाच्याही घरट्यावर जात नाही, जवळच्या नातलगांकडेच जातो. बाहेरून जोडीदार म्हणून आलेला पक्षी सासरच्या पिल्लांना सहसा भरवत नाही. आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेली गोष्ट तर चटका लावणारी आहे: बाप स्वतःच्या मुलाच्या नव्या संसारात अडथळे आणतो, त्याला बिळात जाऊ देत नाही, मध्येमध्ये करतो, आणि शेवटी तो मुलगा स्वतःची वीण सोडून बापाच्या घरट्यावर भरवायला येतो. भावंडं वाढली तरी मुलाचा वंश काही अंशी पुढे जातोच, म्हणून त्याचं फार नुकसान होत नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलेलं नात्याचं गणित ते हेच. त्यामुळे वहीत 'प्रेमाने भरवलं' किंवा 'छळ केला' असं लिहू नका. कुणी, कुठे, किती वेळा, काय केलं, ते लिहा.

जोडीच्या एकनिष्ठेचंही तसंच. दोघं मिळून पिल्लं वाढवतात म्हणजे सगळी पिल्लं त्या नराचीच असतात असं नाही. १९८७ साली चिमण्यांवर डीएनए तपासणी झाली आणि त्यानंतर कितीतरी जातींत हे दिसलं. दुर्बिणीतून पितृत्व कळत नाही.

सातभाई मोजून सोडून देणं

महाराजबागेत किंवा अंबाझरीच्या झाडीत पाचोळा उलटणारा सातभाईंचा थवा बहुतेक जण मोजतात आणि पुढे जातात. मोजण्यापेक्षा वरच्या फांदीवर एकटा बसून पहारा करणारा कोण आणि तो किती वेळाने बदलतो, ते टिपा. पावसाळ्यात सातभाई एखाद्या वेगळ्याच पिल्लाला भरवताना दिसले, तर 'अनाथ पिल्लू दत्तक घेतलं' असं समजू नका. ते चातकाचं किंवा पावशाचं असतं. दोघंही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात आणि ती यजमानाच्या अंड्यांसारखीच निळी असतात.

जमिनीवरचं पिल्लू उचलणं

पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं. आईबाप जवळच असतात, फक्त तुम्ही हलेपर्यंत येत नाहीत. आसपास कुत्रं-मांजर असेल तर पिल्लाला शेजारच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. जखमी असेल तरच हवेची भोकं असलेल्या खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका, आणि सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला पोचवा.