नाशिकहून समुद्रावर फॅमिली ट्रिप काढताय? आधी तिथी बघा, आणि या चुका टाळा

एप्रिलमध्ये ऊन चढायला लागलं किंवा दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या फॅमिली ग्रुपवर "कोकणात कधी जायचं?" सुरू होतं. मग हॉटेलचे फोटो, मग कोणाची गाडी, मग कोण पुढे बसणार यावर रुसवे. एवढी चर्चा होते पण भरती किती वाजता आहे हे एकही माणूस विचारत नाही. दरवेळी तेच घोळ बघून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

फक्त लाल तारखा बघून ट्रिप ठरवणं

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी दिसली की झालं, बुकिंग. त्याच कॅलेंडरवर बारीक अक्षरात तिथी छापलेली असते ती कोणी वाचत नाही, फार तर आई संकष्टी बघते. अहो समुद्राला तुमच्या वीकेंडशी काही देणंघेणं नाही, त्याचं सगळं तिथीवर चालतं.

कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशोब एकदम सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. दिवसातून दोनदा भरती, त्यामुळे दुपारचे बारा तसेच रात्रीचे बारा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त.

आता अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-साडेनऊला पूर्ण ओहोटी असते, आठला किनाऱ्यावर हजर राहिलात तर आरामात किल्ला बघून परत येता. पण पब्लिक येतं पौर्णिमेला जोडून आलेल्या सुट्टीत, दुपारी बारा वाजता, किल्ल्याच्या चारी बाजूंनी पाणी, आणि मग आपलेच नाशिकचे लोक घोडागाडीवाल्याशी हुज्जत घालतात की "आता का नेत नाही?" हरिहरेश्वरला तर हे जास्त डेंजर. तिथला प्रदक्षिणेचा मार्ग समुद्राच्या कडेच्या खडकांवरून जातो, भरतीला तिकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही, लाटेने ओढून नेल्याचे प्रकार झालेले आहेत. तिथली माणसं "आता जाऊ नका" म्हणाली की गपचूप मागे फिरा, उगाच शहाणपणा नको.

माझी सवय सांगतो. आधी तिथी बघतो, मग सुट्टी, मग रूम. बायको म्हणते मी पंचांग बघून फिरायला जाणारा माणूस आहे. चालेल.

गाडी वाळूत घालणं

यावर मी कितीही बोलू शकतो. आमच्या भावजींनी नवीन एसयूव्ही घेतली होती, आणि एसयूव्ही म्हटलं की ती कुठेही जाते असा एक गैरसमज लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. गाडीला ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना, पण दिसायला दणकट ना! अलिबागच्या पुढच्या एका बीचवर आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पोचलो, पौर्णिमा होती, म्हणजे ओहोटी सहालाच होऊन गेलेली आणि पाणी आता चढत होतं. समोर ओली, टणक, मस्त वाळू. भाच्याला रील काढायची होती. मी म्हटलं भावजी, सुरूच्या झाडांखाली लावा, तिथे सगळ्यांच्या लावल्यात. तर म्हणे "दोन मिनिटांचं काम आहे."

ओल्या वाळूवर गाडी गेली छान, एक गोल चक्करही झाली. मग साहेबांनी लाटांच्या अगदी जवळ नेऊन उभी केली, बॅकग्राउंडला समुद्र हवा म्हणून. निघताना पुढचं चाक जागेवरच फिरायला लागलं. इथे माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, अजून जोरात ॲक्सिलेटर. चाक जागच्या जागी फिरतं, खालची वाळू उपसली जाते आणि गाडी पोटावर बसते. मागून ढकलायला काका, मी आणि दोन अनोळखी पोरं, सगळ्यांच्या तोंडावर वाळू. ताई लांबून ओरडतेय, आजी गाडीतच बसून कारण तिला उतरायला दार पुरेसं उघडेना. अर्ध्या-पाऊण तासात पाणी चाकाच्या मधोमध.

शेवटी गावातला एक ट्रॅक्टरवाला आला. घाई नाही, गडबड नाही, आधी बिडी विझवली, मग पाण्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि आकडा सांगितला. भावजी तिथेही घासाघीस करायला लागले! तो म्हणाला, "ठरवा आरामात, पाणी काय थांबत नाय." पैसे दिले, दोर बांधला, गाडी बाहेर. पण खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच, मॅटिंगचा सुकटीसारखा वास पुढे कित्येक महिने गेला नाही आणि वायरिंगची कटकट वेगळीच.

तर, गाडी वाळूत नेऊच नका, बऱ्याच बीचवर तशी बंदीही आहे. तरी चुकून फसलीच तर पहिल्यांदा ॲक्सिलेटरवरून पाय काढा. सगळ्यांना खाली उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, टायरमधली हवा बऱ्यापैकी कमी करा, पायातल्या मॅट काढून चाकाखाली घाला आणि अगदी हळू बाहेर काढा. एकदा प्रयत्न करून नाही निघाली तर लगेच ट्रॅक्टर बोलवा, इगो नंतर बघू.

"मिसळ खाऊन निघू"

हा खास आपला नाशिकचा रोग. पहाटे पाचला निघायचं ठरतं, सातला सगळे जमतात, मग कोणीतरी म्हणतं आता निघालोच आहोत तर मिसळ खाऊनच जाऊ, आणि तिथे रविवारच्या गर्दीत नंबर लावण्यात नऊ वाजतात. केळव्याला जायचं असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता, वळणंच वळणं. पोटात झणझणीत तर्री आणि समोर मोखाड्याची वळणं, मागच्या सीटवरच्या पोरांचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. डबा घरून न्या, दशमी-चटणी, नाहीतर साधे पोहे. श्रावणातल्या सोमवारी हा त्र्यंबकचा रस्ता धरूच नका.

अलिबागकडे जाणाऱ्यांना वाटतं समृद्धी झाला, आता काय, उडत जाऊ. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि कसारा घाटातली ट्रकांची रांग टळते हे खरंय. पण आमण्याला उतरलं की पुढे भिवंडी आहेच, आणि नंतर वडखळ नाका. सकाळी लवकर गेलात तरच त्या समृद्धीचा उपयोग.

दोन दिवसांत तारकर्ली

नाशिकहून साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. दोन दिवस असतील तर केळवे, डहाणू, बोर्डी. तीन असतील तर अलिबाग-मुरुड. तारकर्लीला चार-पाच दिवस काढा नाहीतर जाऊ नका.

जेवणाचं आधी न सांगणं

घरगुती खानावळीत दुपारी अडीचला बारा माणसं घेऊन उतरायचं आणि "लगेच काय मिळेल?" विचारायचं. ते लोक सकाळी मासळी आणतात ती सांगितलेल्या ताटांपुरतीच. आदल्या रात्री फोन करा, किती शाकाहारी, किती माशाचे, कोणाचा उपास. दिवेआगरला उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आधीच सांगायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका.

पोहता येतं म्हणून आत जाणं

गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीत, नाहीतर विहिरीत शिकलेलं पोहणं समुद्रात पुरत नाही. लाटा फुटत असतात आणि मधेच एक पट्टा शांत दिसतो, लोकांना वाटतं इथे सेफ आहे. बऱ्याचदा तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या, मग परत फिरा. पोरं गुडघाभर पाण्यात, मोठं माणूस त्यांच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही, लांबून बघा, भजी खा.

बाकी किरकोळ. जीन्स घालून पाण्यात जाऊ नका. अकरा ते चार वाळूवर पोरांना सोडू नका. थोडी रोख ठेवा, रेंज नसली की यूपीआय शोभेचं. डिकीत साध्या पाण्याचा एक मोठा कॅन टाका, पाय धुतल्याशिवाय कोणालाही गाडीत घ्यायचं नाही, आजोबांनाही नाही. आणि घरी आल्यावर गाडी वरून चकाचक करायच्या आधी खालून साध्या पाण्याने धुवून घ्या, खाऱ्या हवेचा गंज खालूनच लागतो.