जेलमधल्या माणसासाठी मानवी हक्क आयोगात अर्ज करताय? तो कोण वाचणार ते आधी समजून घ्या

घरातलं कोणी आत गेलं की सुरुवातीचे दिवस वकील, जामीन आणि मुलाखतीची (जेलमधल्या भेटीची) लाईन यातच जातात. मग एखाद्या मुलाखतीत तो हळूच सांगतो की मारलं, किंवा फिटची गोळी बंद झालीये, किंवा डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलला न्यायला लिहून दिलंय पण कोणी नेत नाही. मग बाहेरचे काय करतात तर रात्री बसून पाच पानी अर्ज लिहितात, त्यात अटक कशी खोटी आहे इथून सुरुवात, आणि त्याच्या प्रती राष्ट्रपती, मुख्यमंत्री, हायकोर्ट, दिल्लीचा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, मुंबईचा राज्य आयोग, महिला आयोग सगळ्यांना स्पीड पोस्ट. राग समजतो, पण असा अर्ज बहुतेक वेळा फायलीतच झोपतो, आणि त्यात दरवेळी कोणाची बदमाशी असते असंही नाही.

आपल्याकडे जेलच्या तक्रारींसाठी वेगळं असं राज्याचं ऑफिस नाही, ते काम बऱ्यापैकी महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे येतं, मुंबईत सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याखाली चालतं हे. त्यांना जेलमध्ये जाऊन पाहणी करता येते, आणि २००६ ला कायदा बदलल्यापासून त्यासाठी सरकारला आधी कळवायची अट राहिलेली नाही. चौकशीत साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं याला दिवाणी कोर्टाचे अधिकार. पण शेवटी आयोग करतो ती शिफारस, म्हणजे भरपाई द्या, अमक्यावर कारवाई करा अशी. जामीन देणं, सोडणं, कोणाला सस्पेंड करणं हे त्यांच्या हातात नाही, त्यामुळे अर्जात ते मागूच नका.

आता आत कोण असतं ते. नाव अध्यक्षांचं असलं, ते हायकोर्टाचे माजी न्यायाधीश असले, तरी तुमचं पाकीट पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर जात नाही. आधी आवक शाखेतला माणूस शिक्का मारून नंबर टाकतो, मग छाननी, म्हणजे हा अर्ज आयोगाच्या कामात बसतो का, वर्षाच्या आतला आहे का, नाव-सही आहे का, दुसरीकडे चालू आहे का. मग तो सदस्यांसमोर जातो. प्रशासनाला सचिव असतात, कायद्याची बाजू बघणारे अधिकारी असतात, आणि एक तपास शाखा असते जिच्यावर आयजी (पोलिस महानिरीक्षक) किंवा त्याहून वरच्या दर्जाचा पोलिस अधिकारी असतो, हे कायद्यातच लिहिलंय. हे ऐकून लोक दचकतात, पोलिसांचीच तक्रार पोलिसाकडे? शंका रास्त आहे, पण एक लक्षात घ्या, जेलचं खातं वेगळं, कारागृह व सुधारसेवा, त्याचं मुख्यालय पुण्याला, आणि रजिस्टरमध्ये कुठली नोंद कुठे दाबली जाते हे ज्याने पोलिस खात्यात आयुष्य काढलंय त्यालाच पटकन दिसतं. सदस्यांची पदं रिकामी राहिली की सुनावण्या लांबतात हेही खरं, आणि त्याचा राग फोन उचलणाऱ्या क्लार्कवर काढून काही मिळत नाही.

तर माझं सांगणं एवढंच आहे की अर्ज छाननीवाल्या माणसासाठी लिहा. त्याच्यासमोर ढीग असतो. तुमचं पान वाचून त्याला जेल अधीक्षकांना विचारायचा एक नेमका प्रश्न सापडला पाहिजे. तो सापडला तर पत्र निघतं, नाही सापडला तर "आरोप मोघम आहेत" एवढ्यावर विषय संपतो.

उदाहरण देतो. लोक लिहितात "माझ्या भावाला जेलमध्ये उपचार देत नाहीत, त्याच्या जिवाला धोका आहे, न्याय द्यावा". यावर अधीक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं, बंद्याला कारागृह रुग्णालयात वेळोवेळी औषधोपचार देण्यात येत आहेत. झालं, फाईल बंद. हेच असं लिहा: "कारागृहाच्या डॉक्टरने अमुक तारखेला जे.जे. हॉस्पिटलला न्यायला लिहून दिलं. त्यानंतर या या तीन तारखांना नेलं नाही, गार्द नाही असं बंद्याला सांगितलं. कारागृहाने कोणत्या तारखांना गार्द मागितली आणि पोलिस मुख्यालयाने काय कळवलं याचा अहवाल मागवावा." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बंद्याला हॉस्पिटल किंवा कोर्टात न्यायला जी पोलिस पार्टी लागते तिला गार्द म्हणतात, ती जेलची नसते, ती पोलिसांकडून मागवावी लागते, आणि उपचाराच्या कितीतरी तक्रारींचं मूळ तिथे असतं. जेल म्हणतं आम्ही मागितली, पोलिस म्हणतात बंदोबस्त होता, आणि मधे माणूस सडतो. असा प्रश्न गेला की मोघम उत्तर देता येत नाही, कारण मागणीचं पत्र एकतर आहे किंवा नाही.

मारहाणीचं असेल तर तारीख, अंदाजे वेळ, कुठलं सर्कल (जेलचा विभाग), कुठली बरॅक, कोणी मारलं (नाव माहीत नसेल तर वर्णन, ड्युटी), कोणी बघितलं, अंगावर कुठे लागलंय. आणि मागण्या तीनच ठेवा: त्या वेळेचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा, बाहेरच्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी करा, त्या दिवसाच्या मेडिकल रजिस्टरची प्रत मागवा. फुटेज पहिल्या नंबरवर, कारण ते काही काळाने पुसलं जातं आणि मग कोणीच काही करू शकत नाही. म्हणून हा अर्ज त्याच दिवशी ईमेलने टाका, एक प्रत अधीक्षकांना पण द्या म्हणजे नंतर "आम्हाला कळलंच नव्हतं" म्हणता येणार नाही.

वरती बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, कारागृह, बंदी क्रमांक, पोलिस स्टेशन आणि गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कोर्ट, कच्चा (खटला चालू असलेला) की पक्का (शिक्षा झालेला) कैदी. अर्जदार म्हणून तुमचं नाव, नातं, पत्ता, फोन. निनावी अर्ज चालत नाही. फी नाही, मराठीत चालतो, वकील लागत नाही. मूळ केस खोटी आहे वगैरे अजिबात लिहू नका, कोर्टात चालू असलेल्या गोष्टीत आयोग पडत नाही आणि छाननीवाल्याला वाटतं हा विषय कोर्टातलाच आहे. उलट एक ओळ स्पष्ट टाका की खटला कोर्टात आहे, पण ही तक्रार खटल्याबद्दल नाही, कारागृहातल्या वागणुकीबद्दल आहे. मारहाणीबद्दल कोर्टातही अर्ज दिला असेल तर तो लपवू नका, जेलच्या अहवालात तो येतोच.

आणि ते सगळीकडे प्रती पाठवायचं बंद करा. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे एका आयोगासमोर चालू असलेल्या विषयात दुसरा आयोग चौकशी करत नाही, आणि घटनेला एक वर्ष झालं की दोघंही नाही. म्हणजे तुम्ही दिल्ली आणि मुंबई दोन्हीकडे टाकलं तर दोन दारं उघडत नाहीत, एकाकडे नोंद झाली की दुसरीकडचा अर्ज निकाली. एक आयोग निवडा. महाराष्ट्रातल्या जेलसाठी मी मुंबईच म्हणेन, सुनावणीला जाणं जमतं.

तक्रार आतून करायची असेल तर? बंद्याचं साधं पत्र जेल ऑफिसच्या हातून जातं, त्यामुळे तो घाबरतो, बरोबरच आहे. पण १९८० च्या सुनील बत्रा निकालात सुप्रीम कोर्टाने तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या आहेत, त्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली असायला हव्यात. ती केसच तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्याला झालेल्या छळाबद्दल पाठवलेल्या चिठ्ठीवर उभी राहिली होती. आपल्या मुंबईचं म्हणाल तर पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये कोठडीतल्या बायकांबद्दल आणि मोफत वकिलाबद्दल निर्देश आले. सांगायचा मुद्दा हा की चिठ्ठी छोटी असली तरी चालते. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाचे (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) वकील जेलला भेट देतात, आणि आतले काही जन्मठेपवाले पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामात मदत करणारे, म्हणून तयार केलेले असतात, हे लोक अर्ज लिहायला खरंच उपयोगी पडतात, ताज्या वकिलापेक्षा त्यांना जेल जास्त कळतं. तारखेला न्यायाधीशांसमोर तोंडी सांगणं सगळ्यात भारी, फक्त व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजर करत असतील तर शेजारी जेलचाच माणूस उभा असतो, तेव्हा वकिलामार्फत प्रत्यक्ष हजर करायचा अर्ज टाका.

त्रास वाढेल ही भीती सगळ्यांना असते. खोटं आश्वासन देत नाही, बरॅक बदलतात, कधी "प्रशासकीय कारणास्तव" लांबच्या जेलला पाठवतात. म्हणून अर्ज घरच्यांच्या नावाने द्या, तक्रारीनंतर बंद्यावर सूड उगवला जाऊ नये अशी विनंती शेवटी लिहा, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीनंतर काय दिसलं काय सांगितलं ते तारखेसकट वहीत टिपा. काही झालंच तर त्याच नंबरवर पुरवणी अर्ज करायचा, नवीन नाही.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर गोष्टच वेगळी. २४ तासात राष्ट्रीय आयोगाला कळवायचं असा नियम १९९३ पासून आहे, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते, शवविच्छेदनाचं व्हिडिओ शूटिंग व्हायला हवं. घरच्यांना त्या चौकशीला हजर राहता येतं आणि शक्य असेल तिथे तुम्हाला कळवणं दंडाधिकाऱ्यांचं काम आहे, त्यामुळे कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी चौकशी कोणाकडे आहे ते विचारा.

अर्ज गेल्यावर नंबर मिळवा. त्याशिवाय फोन करू नका, तिकडचा माणूस नावावरून शोधू शकत नाही आणि दोघांचाही वेळ जातो. नंबर, बंद्याचं नाव, शेवटचं पत्र कुठल्या तारखेचं, एवढं सांगितलं की बहुतेक जण नीट उत्तर देतात. फाईल पुढे सरकवतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तो दलाल समजा.

सगळ्यात जास्त फायली कुठे मरतात माहितीये? जेलचा अहवाल आला की त्याची प्रत तुम्हाला येते, यावर म्हणणं मांडा म्हणून. लोक वाचतात, चिडतात, "सगळं खोटं आहे" म्हणत ठेवून देतात. मुदत गेली, उत्तर नाही, प्रकरण बंद. त्या अहवालाला मुद्देवार उत्तर द्यायचं, परिच्छेद दोनमध्ये म्हणतात अमुक तारखेला तपासणी झाली, त्या दिवशी बंदी कोर्टात होता, सोबत रोजनाम्याची (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीची) प्रत. पत्ता बदलला असेल तर आधीच कळवा, नाहीतर ते पत्र जुन्या भाड्याच्या खोलीत जाऊन पडतं.

हे सगळं लिहिणं जमणार नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कोणी परत पाठवलं तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा.