खुराडं मेमध्ये, कोंबड्या ऑक्टोबरात

नागपुरात कोंबड्या पाळायची हौस बहुतेकांना हिवाळ्यात येते आणि मेमध्ये फिटते. डिसेंबरात घरालगतच्या सांदवाडीत टिनाचं खुराडं उभं राहतं, पाच कोंबड्या त्यात छान रमतात, अंडी सुरू होतात. मग मेअखेरचा नवतपा (सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास एकेक कोंबडी मान टाकते. दोष कोंबडीचा नसतो, टिनाचा असतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. खुराडं एप्रिल-मेमध्ये बांधा, त्याला रिकामंच एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढू द्या, आणि कोंबड्या ऑक्टोबरात आणा. मेच्या दुपारी तीन वाजता आत, तळापासून फूटभर उंचीवर थर्मामीटर टांगा. झाडाखालच्या सावलीपेक्षा आतलं तापमान जास्त दिसलं तर छप्पर बदलायचं. जुलैत झड लागली की आत हात फिरवून कुठून ओल येते ते बघायचं. कोंबड्या आत असताना हे दोन्ही शोध महागात पडतात.

किती आणि कोणत्या

सुरुवातीला पाच. एक किंवा दोन ठेवू नका, कोंबडी कळपात राहणारी आहे. कोंबडा लागत नाही. अंडी कोंबड्याशिवायही येतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. ले-आऊटमध्ये पहाटे चार वाजता आरवणारा कोंबडा म्हणजे शेजाऱ्यांशी भांडणाची हमखास सोय. घर भाड्याचं असेल किंवा सोसायटी असेल तर आधी विचारून घ्या, मनपाच्या झोन कार्यालयातही चौकशी करा.

अंड्यांसाठी ग्रामप्रिया चांगली: अंगाने हलकी, वर्षाला साधारण २०० अंडी, म्हणजे पाच कोंबड्यांत दिवसाला सरासरी अडीच-तीन. गिरिराज आणि वनराज दिसायला भरदार, पण जड. जड कोंबडीला ऊन लवकर लागतं आणि अंडीही कमी. गावरान कोंबडी ऊन सोसते, रोगाला चिवट असते, पण वर्षाला ६०-८० अंड्यांवर समाधान मानावं लागतं आणि ती मधूनच खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. कडकनाथचं मांस काळं असतं, अंडं नाही. ते फिकट बदामी निघतं, त्यामुळे 'कडकनाथचं काळं अंडं' कोणी विकत असेल तर पुढे चला.

एका दिवसाची पिल्लं स्वस्त मिळतात म्हणून नवख्याने घेऊ नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, आणि लसी सगळ्या तुमच्या अंगावर. त्यापेक्षा ८ ते १० आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या. ऑक्टोबरात आणलेल्या तलंगा जानेवारीच्या आसपास अंड्यावर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत घरच्या होऊन जातात.

खुराडं

पाच कोंबड्यांसाठी ४ बाय ६ फूट, उंची ५ फूट. पुस्तकी हिशेबाने याहून कमी जागेत भागतं, पण तो हिशेब ४५ अंशांचा नाही. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. पश्चिमेची बाजू घराच्या भिंतीला किंवा कडुनिंबाच्या सावलीला लागली तर उत्तम. खुराडं दोन फूट उंच पायांवर घ्या. खाली सावलीची जागा तयार होते आणि दुपारी कोंबड्या तिथेच माती उकरून बसतात.

छपराला नुसता टिनपत्रा नको. जुनी कवेलू (कौलं) मिळाली तर तीच सगळ्यात थंड. टिनच वापरायचं असेल तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या आणि उन्हाळ्यात त्यावर सहा इंच तणस (धानाचा पेंढा) पसरून दोरीने बांधा. भंडारा-गोंदियाकडचं तणस शहरात सहज मिळतं. हिरवी जाळी लावायची तर पत्र्याला चिकटवून नको, दीड-दोन फूट वर ताणा. मधून वारा खेळला तरच तिचा उपयोग. छपराची वळचण सगळ्या बाजूंनी दोन फूट बाहेर.

जाळीत बहुतेक जण फसतात. षट्‌कोनी भोकांची पातळ 'चिकन जाळी' कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या. मुंगसाला तीन बोटांची फट पुरते आणि ते आत शिरलं की एकीवर थांबत नाही. जाळी जमिनीत पुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग नेमकी पुरलेल्या जाळीच्या कडेने उघडते. म्हणून जाळी खाली आल्यावर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवा आणि वर विटा मांडा. उकरणारा प्राणी कडेलाच उकरतो आणि त्याचा पंजा जाळीवर अडतो. दाराला साधा हूक नको, खिळ घालायची कडी हवी.

आत बसायला दोन इंच जाडीची गोल काठी खुराड्याच्या तळापासून दीड-दोन फुटांवर, दर कोंबडीला ९ इंच. काठीला धारदार कड नको, पायाला फोड येतात. अंड्यासाठी फूटभर लांब-रुंद-उंच अशा दोन पेट्या, काठीपेक्षा खाली. पेटी काठीपेक्षा वर असली तर कोंबड्या रात्री पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडं शेणात सापडतं. तळाला तीन-चार इंच धानाचं तूस. बाहेर फिरायला ६ बाय १० फुटांची जाळीची जागा, तिच्यावरही जाळी, कारण शिक्रा आणि घार वरून येतात. जमिनीवर सहा इंच मुरूम आणि वर रेती टाका, नाहीतर जुलैत काळ्या मातीचा चिखल पायाला गोळ्यासारखा चिकटतो.

आणताना आणि पहिला आठवडा

घेताना प्रत्येक पक्षी हातात धरा. डोळे कोरडे आणि उघडे, नाकपुड्या स्वच्छ, शेपटीखालची पिसं कोरडी. छातीचं हाड सुरीसारखं टोचत असेल तर पक्षी उपाशी किंवा आजारी. लासोटा आणि आर-टू-बी (दोन्ही मानमोडीवरच्या), गंबोरो आणि देवी यांपैकी कोणती लस कधी दिली, हे लिहून मागा. आर-टू-बी राहिली असेल तर ती ८ ते १० आठवड्यांच्या वयात द्यायची असते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. लसीची बाटली १०० किंवा जास्त मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे आसपासच्या पाळणाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी घेतलेली बरी. लस बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची.

पहिले चार दिवस त्यांना खुराड्यातच कोंडून ठेवा. घर कुठलं ते एकदा डोक्यात बसलं की पुढे अंधार पडताना त्या आपणहून परत येतात. पुढे कधी नवी कोंबडी आणलीत तर तिला दोन आठवडे वेगळं ठेवा, दिसायला ती कितीही ठणठणीत असो.

खाणं-पाणी

वाढत्या तलंगांना ग्रोअर (वाढीचं तयार खाद्य), पहिलं अंडं आल्यावर लेअर (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य). लेअर आधीच सुरू करू नका. त्यातलं साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं कॅल्शियम अंडी न घालणाऱ्या पक्ष्याची किडनी बिघडवतं. अंड्यावरच्या कोंबडीला रोज ११०-१२० ग्रॅम खाद्य, म्हणजे पाच जणींना ६०० ग्रॅम, महिन्याला १८ किलो. ५० किलोचं पोतं स्वस्त पडतं, पण ते अडीच महिन्यांहून जास्त पुरतं, आणि पावसाळ्यात तेवढ्यात त्याला बुरशी धरते. बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाही, यकृत मात्र खातं. जून ते सप्टेंबर २०-२५ किलोच आणा आणि झाकणाच्या डब्यात, विटांवर ठेवा.

कनकी (तांदळाची चुरी), ज्वारी, फुटका मका हा चकणा आहे, जेवण नाही. दर कोंबडीला संध्याकाळी एक छोटी मूठ. नुसत्या कनकीवर ठेवलेली कोंबडी जाडी होते आणि अंडी बंद करते. शेवग्याचा पाला, मेथी-कोथिंबिरीची देठं, पालक खुशाल द्या. मीठ-मसाल्याचं उरलेलं, बुरसलेली पोळी, कच्च्या बटाट्याची हिरवी सालं नकोत. संत्र्याच्या सालांना त्या सहसा चोचही लावत नाहीत, पडून कुजतात तेवढंच. एका वाटीत शिंपल्याची भुकटी आणि दुसरीत जाडी रेती कायम ठेवा. दात नसल्यामुळे दाणा दळायला पोटात खडे लागतात.

संध्याकाळी काठीवर बसल्या की मानेच्या बुडाशी, छातीच्या उजव्या बाजूला हात लावून बघा. तिथली अन्नपिशवी भरलेली, लिंबाएवढी लागली पाहिजे. सकाळी ती रिकामी. सकाळीही टम्म असेल आणि कणकेच्या गोळ्यासारखी लागत असेल तर अन्न अडकलंय.

एप्रिल ते जून

कोंबडीला घाम येत नाही. ती मुख्यतः धापून अंग थंड करते. चोच उघडी, गळा भराभर हलतोय, पंख अंगापासून सुटलेले, हे दृश्य ३२-३५ अंशांनाच सुरू होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुरा फिका किंवा जांभळा पडला, डोळे मिटू लागले, हात लावला तरी उठत नाही, म्हणजे हातात फार वेळ नाही. तिला उचलून बादलीतल्या माठाच्या पाण्यात पाय आणि पोट बुडेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं धरा. डोकं बाहेर, पाणी बर्फाचं नको. मग सावलीत पंख्यासमोर ठेवा आणि चोचीच्या टोकावर थेंब थेंब पाणी द्या. घशात ओतलं तर ते श्वासनळीत जातं.

ही वेळ येते ती बहुधा पाण्यामुळे. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, मेमध्ये अर्धा लिटर किंवा जास्त. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं दुपारचं पाणी आपल्याच हाताला चटका देतं. तेच नळाने भांड्यात सोडलं की कोंबडी चोच बुडवून मागे होते आणि मग पिणंच सोडते. मातीची पसरट भांडी सावलीत दोन ठिकाणी ठेवा, आणि ११, १ आणि ३ वाजता माठातलं पाणी बदला. फार तापलेल्या दिवशी एका भांड्यात लिटरभर पाण्याला ओआरएसचं एक पाकीट. दुसऱ्यात साधंच.

खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर. ११ ते ४ भांडं उचलून ठेवा, कारण पचनाचीही उष्णता असते. पश्चिमेच्या जाळीला वाळ्याची ताटी किंवा पोती बांधून भिजवत राहा. कोरड्या मेमध्ये हे कूलरसारखंच काम करतं. कूलरच लावणार असाल तर समोरची बाजू पूर्ण उघडी हवी. जूनमध्ये हवा दमट झाली की पोती काढा, कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा ठेवा.

मेमध्ये अंड्याचं कवच पातळ झालं की लोक शिंपल्याची भुकटी वाढवतात. फरक पडत नाही, कारण खरं कारण धापणं आहे. धापताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बनवायला तोच लागतो. थंडावा वाढवा, कवच सुधारेल.

पावसाळा आणि आजार

तूस मुठीत दाबून बघा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, बदला. सुटला तर ठीक. खुराड्यात गुडघ्यावर बसून श्वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबडीचेही चुरचुरताहेत. प्लास्टिक लावायचं ते पावसाच्या बाजूलाच, आणि वरचा फूटभर भाग उघडा ठेवून. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते, लहान वयात जास्त. विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून औषध, आणि तूस बदल.

मान वाकडी होणं, हिरवी हगवण, पाय ओढणं ही मानमोडीची म्हणजे राणीखेतची लक्षणं. तिच्यावर औषध नाही, लसच. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. उवा-पिसवांसाठी घमेल्यात राख आणि कोरडी माती ठेवा, कोंबड्या त्यात स्वतःच अंघोळ करतात. रात्री काठीच्या खाचांवर टॉर्च मारा. लाल ठिपके चालताना दिसले तर काठी बाहेर काढून उकळत्या पाण्याने धुवा.

दोन-तीन पक्षी एकाएकी मेले तर उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका, मांजरा-कुत्र्यापुढे टाकू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मांजरकुळाला हा विषाणू सोडत नाही. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

अंडी

शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांच्या मधे दोन बोटं सहज मावली की कोंबडी अंड्यावर आली. तेव्हा पेटीत तणस घाला आणि एक प्लास्टिकचं अंडं ठेवा. अंडी सकाळी ११ च्या आत एकदा आणि दुपारी एकदा काढा; राहिलेलं अंडं फुटतं आणि एकदा चव लागली की अंडी खायची सवय मोडता मोडत नाही. धुऊन ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतल्याने वरचं संरक्षक आवरण जातं.

डिसेंबरात दिवस अकरा तासांहूनही लहान होतो आणि दुसऱ्या वर्षीपासून त्या सुमारास अंडी घटतात. पहाटे तीनेक तास ९ वॅटचा एलईडी लावून दिवस १४ तासांचा करता येतो. पण त्या पिसं झाडत असतील तर दिवा लावू नका, शरीराला ती सुट्टी हवी असते.

कोंबडी खुडूक बसली, पेटी सोडेना, हात नेला की फुगून चोच मारते, तर तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाणं-पाणी नेहमीचंच. पोटाला खालून गार हवा लागली की डोक्यातलं पिल्लांचं खूळ उतरतं.