पेशीतील रेणूयंत्रे : शिकताना आणि शिकवताना या चुका टाळा

कायनेसिन नावाचे प्रथिन डोक्यावर भलीमोठी पिशवी घेऊन, एकेक पाय टाकत, एका जाड दोरावरून डौलात चालत निघाले आहे, असे ॲनिमेशन जीवशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी कधी ना कधी पाहिलेले असते. चित्र देखणे आहे आणि त्यातली मापेही बरीचशी खरी आहेत. तो दोर म्हणजे सूक्ष्मनलिका, पेशीतील प्रथिनांची एक लांब, पोकळ नळी. कायनेसिनचे प्रत्येक पाऊल सुमारे ८ नॅनोमीटरचे असते आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्ची पडतो. तरीही या विषयातले पुष्कळसे गैरसमज याच चित्रापासून सुरू होतात, कारण कायनेसिनच्या भोवतीचे पाणी त्यात दाखवलेलेच नसते.

रेणूयंत्र, म्हणजे कायनेसिनसारखा पेशीत काम करणारा रेणू, ही आपल्या ओळखीच्या यंत्राची चिमुकली प्रतिकृती आहे, असे मानणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. शिवणयंत्राच्या चाकावरचा हात काढला तरी ते क्षणभर फिरत राहते, कारण त्याला जडत्व असते. पेशीच्या मापावर जडत्वाला काही अर्थच उरत नाही. पोहणाऱ्या जीवाणूने शेपूट हलवणे थांबवले, तर तो एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरात थांबतो, हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड परसेल यांनी १९७७ मध्ये सोप्या हिशेबाने दाखवले होते. कायनेसिन तर जीवाणूहून कितीतरी लहान आहे आणि त्याच्यावर पाण्याच्या रेणूंचा चहूबाजूंनी अखंड मारा चालू असतो. त्यामुळे त्याचा मोकळा पाय कोणी उचलून पुढे ठेवत नाही. धडका खात तो मागे, पुढे, आजूबाजूला फडफडत राहतो. सूक्ष्मनलिकेला घट्ट धरून असलेल्या दुसऱ्या पायावर एटीपी येऊन बसला, की त्या पायाची मानेसारखी पट्टी पुढच्या दिशेने चिकटते आणि मोकळ्या पायाचे फडफडणे पुढच्या बाजूला कलते. तिथली जागा सापडताच तो एडीपी (एटीपीतून एक फॉस्फेट निघाल्यावर उरणारा रेणू) सोडून देतो आणि घट्ट बसतो. मागच्या पायाची पकड एटीपीचे विघटन होऊन फॉस्फेट निघून गेल्यावर सैल होते. म्हणजे पायाचा बहुतेक प्रवास उष्णतेच्या धडकांवर होतो आणि एटीपीच्या खर्चातून परतीची वाट बंद होत जाते. ही वाट पूर्णपणे बंद होत नाही, याचा पुरावाही आहे. कायनेसिनला मागे ओढणारे बल वाढवत सुमारे ७ पिकोन्यूटनपर्यंत नेले, की पुढची आणि मागची पावले सारख्याच प्रमाणात पडू लागतात. वर्गात हे शिकवताना ‘कायनेसिन पुढे कसे जाते’ याऐवजी ‘ते मागे का येत नाही’ असा प्रश्न विचारून पाहावा. विद्यार्थी आपोआप योग्य दिशेने विचार करू लागतात.

धडकांनीच सगळे हलत असेल, तर वाहून नेणारी यंत्रे हवीतच कशाला, असा उलटा गैरसमज यातून होऊ शकतो. विसरणाने, म्हणजे धडकांनी इकडेतिकडे पसरत जाण्याने, लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे येथे विसरता कामा नये. १० मायक्रोमीटरची पेशी पार करायला एखाद्या प्रथिनाला काही सेकंद पुरतात. मणक्यापासून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, सुमारे एक मीटर लांब असतो. अंतर एक लाख पट झाले, तर वेळ एक हजार कोटी पट होतो, म्हणजे शेकडो वर्षे. कायनेसिनने ओढलेली पिशवी तेवढे अंतर काही दिवसांत कापते.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे दिसणारे एक वाक्य आहे : ‘एटीपीमधील उच्च ऊर्जेचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. काम होते ते दोन कारणांनी : एटीपी आणि पाणी यांच्यापेक्षा एडीपी आणि फॉस्फेट अधिक स्थिर असतात, आणि पेशी एटीपीचे प्रमाण रासायनिक समतोलापासून फार दूर राखून ठेवते. ही अभिक्रिया समतोलाला पोहोचली, तर एटीपीचे रेणू शिल्लक असूनही त्यांच्याकडून काडीचेही काम होणार नाही. हे अंतर राखण्याचे काम प्रामुख्याने तंतुकणिकांमधील (मायटोकाँड्रियांमधील) एटीपी सिंथेज हे एटीपी बनवणारे रेणूयंत्र करते. त्याचा मधला दांडा खरोखर फिरतो. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला ॲक्टिनचा चमकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो धागा गोल फिरताना प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना या यंत्रावरील कामासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. येथेही एक चूक नेहमी होते. ऊर्जा एडीपी आणि फॉस्फेट जोडण्यासाठीच लागते असे लिहिले जाते. बॉयर यांचे म्हणणे असे होते की, ती मुख्यतः तयार झालेला एटीपी प्रथिनाच्या घट्ट पकडीतून सोडवण्यासाठी लागते.

आजाराचे कारण सांगताना ‘प्रथिनाची घडी चुकली’ असे सरसकट म्हणणे टाळावे. विदर्भात आणि नंदुरबार भागात अनेक कुटुंबांना ठाऊक असलेला सिकलसेल आजार याचे चांगले उदाहरण आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, पण घडी शाबूत राहते आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनही वाहून नेते. ऑक्सिजन सोडताना मात्र त्याचा आकार बदलतो आणि पृष्ठभागावर एक खळगा उघडा पडतो. शेजारच्या रेणूचे व्हॅलिन त्यात नेमके बसते आणि रेणूला रेणू जोडत लांब, ताठ तंतू तयार होतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते ती यामुळे. ऑक्सिजन कमी पडला किंवा शरीरातले पाणी घटून पेशीतले हिमोग्लोबिन दाट झाले, की त्रास का उसळतो, हे या खुलाशातूनच रुग्णाला समजावता येते. चुकलेल्या घडीच्या गोष्टीतून ते कधीच उलगडणार नाही.

काही चुका थोडक्यात दुरुस्त होतात. विकर, म्हणजे एन्झाइम, अभिक्रियेचा वेग वाढवते, तिचा समतोल हलवत नाही. प्रत्येक रेणूयंत्र प्रथिनांचेच असते असेही नाही : रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रात अमिनो आम्ले जोडण्याचे काम आरएनए करते. विकरात त्याचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो, ही कुलूप-किल्लीची उपमा एमिल फिशर यांची, १८९४ सालची. किल्ली आत येताना कुलूपही आकार बदलते, ही त्यावरची दुरुस्ती डॅनियल कॉशलँड यांनी १९५८ मध्ये मांडली.

शेवटची चूक अलीकडची आहे. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीमुळे आता कोणत्याही प्रथिनाची संभाव्य रचना काही मिनिटांत पडद्यावर येते, आणि ते चित्र म्हणजेच प्रथिन, असे समजले जाते. ते एका आकाराचे स्थिर चित्र असते. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरताना आणि सोडताना दोन वेगळे आकार घेते, हे तशा एका चित्रात मावत नाही. शिवाय प्रत्येक भागाला विश्वासांक दिलेला असतो, तो आधी पाहावा. अंक ५० च्या खाली असेल आणि तो भाग नारिंगी, सुटलेल्या धाग्यासारखा लोंबत असेल, तर त्याच्या वळणांतून अर्थ काढत बसू नये. पेशीत एकटे असताना तो भाग बहुधा कोणताही ठरावीक आकार धरतच नाही.