मोर्चातून पोलिसांनी मुलांना (18 वर्षांवरच्या) उचललं, तर पहिल्या काही तासांत काय करायचं

निघण्याआधीच वकिलाचा नंबर हातावर बॉलपेनने लिहा. मोबाइल बहुधा आधी काढून घेतात, आणि जेलपेनची शाई घामाने पसरते. व्हॅन निघताच बाहेरच्यांनी फोटो काढून वेळ, गाडीचा नंबर आणि मुलांची नावं लिहून ठेवावीत. मुलांना 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. घोळ होतो तो इथेच: दुपारी उचलतात, अटक रात्री दाखवतात. तेव्हा हाच फोटो कामी येतो.

पोलीस ठाण्यात थेट विचारा, ‘ताब्यात की अटक?’ ‘नुसतं बसवून ठेवलंय’ असं उत्तर आलं, तर स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद करायला सांगा. अटक असेल तर कारण, कलम आणि नातेवाइकाला कळवणं हा हक्कच आहे. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही हवी. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही घाई केली तरी. मार लागला असेल तर वैद्यकीय तपासणीत प्रत्येक वळ नोंदवून घ्या.

मुलींना सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

वकील नसेल तर 15100 वर मोफत विधी साहाय्य मिळतं.