ट्विन कॅम हार्लीत नवे लिफ्टर बसवताना पुशरॉडचे सेटिंग

हार्ली-डेव्हिडसनच्या 1999 ते 2017 या काळातील ट्विन कॅम इंजिनाच्या उजव्या अंगाला चार उभ्या नळ्या दिसतात. प्रत्येक नळीत एक पुशरॉड, म्हणजे कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा, असतो आणि त्याच्या तळाशी कॅमवर फिरणारा रोलर असलेला हायड्रॉलिक लिफ्टर. इंजिन तापले की सिलिंडर उंचीने वाढतात आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा वरचा हात) व पुशरॉड यांच्यात ढिलाई येऊ लागते. लिफ्टरमधला प्लंजर, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, ऑइलच्या दाबाने वर सरकून ती ढिलाई भरून काढतो. म्हणूनच या इंजिनाला ठरावीक किलोमीटरनंतर टॅपेट सेट करावे लागत नाहीत. परंतु लिफ्टर बदलताना मूळचे ठरावीक लांबीचे रॉड काढून कमी-जास्त करता येणारे रॉड घातले, तर त्यांची लांबी आपल्यालाच ठरवावी लागते आणि तिथे घाई अजिबात चालत नाही.

जुन्या लोखंडी ब्लॉकच्या बुलेटवर हात बसलेल्या माणसाने इथे एक सवय बाजूला ठेवावी. बुलेटचे इंजिन थंड असताना रॉड बोटांनी सहज फिरतो, पण खाली-वर हलत नाही, अशी स्थिती आली की काम संपते. ट्विन कॅममध्ये ती स्थिती म्हणजे केवळ शून्य असते. तिथून पुढे रॉड लांबवून प्लंजर त्याच्या हालचालीच्या साधारण मध्यावर दाबून ठेवायचा असतो. कमी दाबला तर टकटक राहते आणि जास्त दाबला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते.

नवे लिफ्टर पिशवीतून काढल्यावर प्रथम प्रत्येकाचा रोलर बोटाने फिरवून पाहावा. तो कुठेही न अडखळता फिरला पाहिजे. त्यानंतर इंजिनात जे 20डब्ल्यू-50 ऑइल घालणार आहोत, त्याच स्वच्छ ऑइलमध्ये ते काही तास उभे बुडवून ठेवावेत, म्हणजे रोलरच्या आतील सुयांच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचते. पहिल्या काही सेकंदांत पंपाचे ऑइल वर येण्याआधी तेवढेच ऑइल त्या सुयांना वाचवते. काही जण प्लंजर वारंवार दाबून लिफ्टर ऑइलने ठासून भरतात. माझ्या मते ते टाळावे, कारण पूर्ण भरलेला लिफ्टर सेटिंगच्या वेळी दाबला जायला फार वेळ घेतो आणि शून्य शोधतानाही हाताला फसवतो.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, दोन्ही प्लग काढावेत आणि मागचे चाक जॅकवर उचलून गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी. चाक पुढच्या दिशेने हाताने फिरवले की इंजिन फिरते. ज्या सिलिंडरवर काम करायचे, त्याचा इनलेट रॉड वर जाऊन पुन्हा खाली आला की पिस्टन कॉम्प्रेशनकडे निघालेला असतो; प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची नळी धरून तो सर्वांत वर येईपर्यंत चाक सावकाश फिरवावे. या स्थितीत त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि रॉडवर स्प्रिंगचा भार नसतो. उजवीकडून पाहिल्यास कडेचे दोन रॉड एक्झॉस्टचे आणि मधले दोन इनलेटचे असतात. एक्झॉस्टचे रॉड लांब असल्याने नवे रॉड आधीच वेगळे करून ठेवावेत.

नळीची स्प्रिंग क्लिप काढताना ती उडते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा असू द्यावा. रॉकर बॉक्स उघडायचा नसेल तर जुने रॉड बोल्ट कटरने तोडून काढतात; मात्र तोडताना खाली फडका घट्ट कोंबावा, कारण धातूचा एखादा कण लिफ्टरच्या भोकातून कॅमपर्यंत गेला तर सगळी मेहनत वाया जाते. लिफ्टरचे झाकण उघडल्यावर खाली एक पिन दिसते, जी लिफ्टरच्या सपाट बाजूंना टेकून त्यांना स्वतःभोवती फिरू देत नाही. लिफ्टर चुंबकाने वर ओढून घ्यावेत आणि त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात कॅमचा पृष्ठभाग नीट तपासावा. त्यावर खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवे लिफ्टर घालण्यात अर्थ नाही. आधी कॅम बदलावा. नवे लिफ्टर सपाट बाजू पिनकडे करून बसवावेत आणि गॅस्केट नवीच वापरावी. प्रत्येक नळीच्या तिन्ही ओ-रिंगही बदलाव्यात; त्यांची मापे वेगवेगळी असतात.

रॉड पूर्ण आखूड करून, त्यावर नळी आधीच चढवून, तो लिफ्टर आणि रॉकर यांच्यामध्ये बसवावा. मग एका हाताने रॉड खाली-वर हलवत दुसऱ्या हाताने ॲडजस्टर लांबवत न्यावा. आधी स्पष्ट जाणवणारी ढिलाई कमी होत जाते, आणि एका क्षणी ती नाहीशी होऊन रॉड बोटांत किंचित जड फिरू लागतो. तेच शून्य. हे शून्य चुकले तर पुढची सगळी मोजणी चुकते, म्हणून ॲडजस्टर थोडा मागे घेऊन पुन्हा एकदा खात्री करावी आणि षटकोनाच्या एका पैलूवर मार्करने खूण करावी.

पुढचे फेरे किती, हे आट्यांवर अवलंबून असते. इंचाला 32 आटे असलेला ॲडजस्टर एका फेऱ्यात 0.79 मिलिमीटर, म्हणजे एका पैलूला सुमारे 0.13 मिलिमीटर सरकतो; 24 आट्यांचा असेल तर एका फेऱ्यात 1.06 मिलिमीटर. समजा उत्पादकाने प्लंजर 2.5 मिलिमीटर दाबायला सांगितले असेल, तर 32 आट्यांवर तीन फेरे आणि एक पैलू होतात, आणि 24 आट्यांवर दोन फेरे आणि दोन पैलू. एका कंपनीच्या रॉडचे फेरे दुसऱ्या कंपनीच्या रॉडला लावू नयेत. ठरलेले फेरे झाल्यावर ॲडजस्टर पान्याने स्थिर धरून लॉक नट आवळावा.

आता थांबायचे. दाबलेल्या लिफ्टरमधले ऑइल हळूहळू झिरपून बाहेर पडेपर्यंत त्याने व्हॉल्व्ह उघडा धरलेला असतो. अशा वेळी चाक फिरवले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो किंवा रॉड वाकतो. त्या सिलिंडरचे दोन्ही रॉड बोटांनी पुन्हा फिरू लागेपर्यंत इंजिन मुळीच हलवू नये; याला कधी दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा तास. घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा. त्यानंतरच दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून हीच कृती करावी.

नळ्या आणि क्लिप बसवून बॅटरी जोडल्यावर, प्लग बाहेरच ठेवून आणि इंजेक्शनच्या गाडीत इंधन पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा वेळ स्टार्टर मारावा. प्लग आणि फ्यूज परत लावून इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडी टकटक ऐकू येणे स्वाभाविक आहे, पण रेस वाढवू नये. इंजिन नीट तापल्यावरही एकाच ठिकाणाहून आवाज येत राहिला तर ते बंद करून थंड होऊ द्यावे आणि त्या रॉडचे शून्य पुन्हा पहिल्यापासून शोधावे.