आधी बारीक की आधी काळी? माझा रेघांचा घोळ

पोळा पंधरा दिवसांवर आला होता आणि आमच्या मंडळाला टी-शर्टवर काळी मारबत (नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला काळा पुतळा) हवी होती. ०.३ मिमीच्या पेनाने दोन रात्री बसून काढली. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅन केली, रेघा फिक्या दिसल्या, म्हणून फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये काळा स्लायडर बिनधास्त उजवीकडे ओढला. काळ्याभोर झाल्या! चित्र पारदर्शक फिल्मवर छापून घेतलं आणि ती फिल्म घेऊन इतवारीतल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली आणि विचारलं, "काऊन बे, मारबतीनं टोपी घातली का?"

केसांचा पार गोळा झाला होता.

मग घरी येऊन रेघा बारीक करायला गेलो. फिल्टरमध्ये 'मिनिमम' दिसलं, वाटलं हेच. ते उलटं असतं बरं का: मिनिमम काळं पसरवतं, रेघ बारीक होते ती 'मॅक्सिमम'ने, कारण ते पांढरं पसरवतं. हे कळल्यावर मॅक्सिमम १ लावलं, तर पापण्याच गायब. ३०० डीपीआयला ०.३ मिमीची रेघ जेमतेम साडेतीन पिक्सेलची असते. दोन्ही बाजूंनी एकेक पिक्सेल खाल्ला की उरतो दीड, तोही राखाडी. राखाडी फिल्ममधून उजेड झिरपतो, रेघेखालचं इमल्शनही (छापायच्या जाळीवरचा, उजेडाने कडक होणारा लेप) कडक होतं आणि छापताना तिथून शाई उतरतच नाही. म्हणजे आधी गोळा, नंतर तुटक रेघा. दोनदा फिल्मचे पैसे गेले, तेही माझ्या खिशातून.

आता नीट वाचा, कारण मी इथेच अडकलो होतो. स्कॅन केलेली रेघ फक्त काळी नसते. मधे काळा गाभा आणि दोन्ही कडांना राखाडी पिक्सेल. काळा स्लायडर उजवीकडे नेला की त्या कडाही काळ्या होतात आणि रेघ जाड होते. पांढरा स्लायडर डावीकडे आणला की त्याच कडा कागदात विरून जातात आणि रेघ बारीक होते. 'काळं करणं' आणि 'बारीक करणं' अशी दोन वेगळी कामं मी समजत होतो. प्रश्न एकच होता, त्या राखाडी कडा कुणाच्या पदरात टाकायच्या. थ्रेशोल्डमध्ये, म्हणजे एका आकड्यावरून (० काळा, २५५ पांढरा) प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा ते ठरवणाऱ्या कमांडमध्ये, हे उघड दिसतं. आकडा १२८ वरून १०० वर आणा: १०० पेक्षा गडद तेवढंच काळं राहतं, बाकी सगळं पांढरं. रेघ बारीकही झाली आणि पूर्ण काळीही.

अट एक, कडांना पिक्सेल हवेत. म्हणून ६०० डीपीआय, ग्रेस्केल. तीच रेघ मग सात पिक्सेलची होते आणि चुकायला जागा मिळते. ३०० च्या स्कॅनवर जादू शोधू नका. चित्र पुन्हा स्कॅन करायला पाच मिनिटं लागतात, मी ती वाचवायला तीन दिवस घालवले.

अख्ख्या चित्राला एकच आकडाही चालत नाही. केसांना १००, पण पापण्या हलक्या हाताच्या, त्या १०० ला उडतात. लॅसोने डोळे वेगळे निवडून तिथे १५० ठेवलं तेव्हा त्या परत आल्या. मूळ लेअरची कॉपी ठेवूनच हे करा.

आणि झूम! २५ टक्क्यांवर बारीक काळी रेघ स्क्रीनवर राखाडीच दिसते. माझी सगळी पळापळ त्या फिकेपणापासून सुरू झाली, आणि तो फिकेपणा बराचसा स्क्रीनचाच होता. निर्णय १०० टक्क्यांवरच घ्या.

'एका क्लिकमध्ये लाइन आर्ट'वाल्या ॲक्शनच्या (फोटोशॉपमधल्या तयार कमांडच्या साखळ्या) नादी लागू नका, ती माझ्याकडे अकरा होती. क्लासमध्ये आपल्या हातातला माउस काढून घेऊन स्वतःच करून दाखवणाऱ्या सरांपासूनही जरा लांबच राहा. बघताना सगळं समजतं, घरी आलं की काहीच येत नाही. काकांनी मला फोटोशॉपमधलं अक्षर शिकवलं नाही, फक्त फिल्म उजेडासमोर धरायला लावली, आणि माझी नजर तिथेच तयार झाली.

घाबरू नका मात्र. तिसरी फिल्म काकांनी तशीच ट्यूबलाइटसमोर धरली, काही बोलले नाहीत, सरळ एक्स्पोजरला लावली.

हो, फाइल टिफ किंवा पीएनजी ठेवा, जेपीईजीने रेघेभोवती घाण जमते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. फोटो म्हणून पाठवलीत की गेलीच.